ग्राहकाच्या अंगणातला कुत्रा : घरोघरी दुरुस्तीला जाणाऱ्यांसाठी

कोकणात घरोघरी जाऊन फ्रीज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर किंवा विहिरीवरचा पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला यंत्राच्या आधी कुत्रा भेटतो. शहरातल्या इमारतीत दाराची घंटा वाजते, आतून कोणीतरी येते, कुत्र्याचा पट्टा धरते आणि मग दार उघडते. आपल्याकडे घर रस्त्यापासून आत, पाखाडीच्या दहा-पंधरा पायऱ्या उतरून, चिऱ्याच्या गडग्यापलीकडे आणि माडा-पोफळींच्या आड असते. घंटा असली तरी ती ओटीवरच्या दाराला असते, आणि त्या दारापर्यंत पोहोचायचे तर आधी सगळे अंगण ओलांडावे लागते. घरातल्या माणसांना आपली चाहूल लागण्यापूर्वी ती कुत्र्याला लागलेली असते आणि आलेल्याचे काय करायचे याचा पहिला निर्णय तोच घेतो. रत्नागिरी जिल्ह्यात वीस वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की कुत्रा हाताळण्याचे खास कौशल्य कारागिराला फारसे लागत नाही. तो हाताळण्याची जबाबदारी घरधन्यावर वेळेत टाकण्याची आणि ती त्याने पार पाडेपर्यंत थांबण्याची सवय मात्र लागते. ज्यांना कुत्र्यांची आवड आहे त्यांनाही हे लागू आहे, किंबहुना त्यांना अधिक लागू आहे, कारण आमच्यापैकी ज्यांना चावे बसले त्यांत कुत्र्यांना घाबरणारे थोडे आणि ‘मला कुत्र्यांची सवय आहे’ म्हणणारे जास्त आहेत.

आधी कुत्र्याची बाजू लक्षात घ्यावी. गावठी कुत्रा इथे केवळ हौसेसाठी पाळलेला नसतो. वानरांना कलमांवरून हाकलणे, रानडुकरांची चाहूल देणे, बिबट्या वाडीत शिरला तर ओरडून घर जागे करणे आणि आंब्याच्या हंगामात रात्रीची राखण करणे ही त्याला नेमून दिलेली कामे आहेत. खांद्याला जड पिशवी अडकवून, कलमांमधल्या वाटेने, अनोळखी वासाचा माणूस अंगणाकडे येतो तेव्हा घरच्यांच्या दृष्टीने तो फ्रीजवाला असतो; कुत्र्याच्या दृष्टीने मात्र ज्याला अडवण्यासाठी त्याला रोजचा भात मिळतो, तोच हा माणूस असतो. त्यामुळे भुंकणाऱ्या कुत्र्यावर ओरडणे किंवा वाकून दगड उचलल्यासारखे करणे म्हणजे त्याची शंका खरी ठरवणे आहे. दगड उचलण्याची ती युक्ती रस्त्यावरच्या कुत्र्यावर कधी कधी चालते. स्वतःच्या अंगणात उभ्या असलेल्या कुत्र्यावर ती उलटण्याची शक्यताच अधिक असते.

निघण्यापूर्वीचा फोन

निम्मे काम फोनवर होते. मात्र ‘तुमच्याकडे कुत्रा आहे का?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा खरे असूनही फसवे निघते. घरधनी ‘नाही’ म्हणतो, आपण जातो, आणि पडवीत दोन कुत्रे पाय ताणून पडलेले असतात. विचारल्यावर कळते की एक शेजारच्या घरचा आहे आणि दुसरा वाडीचा आहे; तो सगळ्यांच्या घरी जेवतो आणि कोणाचाच नाही. किनाऱ्यालगतच्या मच्छीमार वस्त्यांत, जिथे मासळी सुकत घातलेली असते, तिथे तर मालकी ठरवणेच कठीण असते. म्हणून प्रश्न असा विचारावा : ‘अंगणात एकूण किती कुत्रे असतात, त्यांतले सुटे किती आणि बांधलेले किती?’ मालकी कोणाचीही असली तरी दात तेच असतात.

दुसरा प्रश्न, कुत्रा ज्याचे ऐकतो ते माणूस त्या वेळी घरी असेल का. बहुतेक घरांत कुत्रा एकाच माणसाचे ऐकतो, आणि ते माणूस म्हणजे तक्रार नोंदवणारा असतोच असे नाही. मुलगा मुंबईहून फोन करून दुरुस्ती ठरवतो, घरी आजी एकट्या असतात, आणि आजींनी साखळी धरली तर साखळीबरोबर आजीही ओढल्या जातात. अलिबाग, दापोली, गुहागर या बाजूंना मुंबई-पुण्याच्या लोकांचे जे बंगले आहेत, तिथे जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलरसारखा मोठा कुत्रा असतो, मालक शहरात असतो आणि राखणदार नवा असतो. अशा ठिकाणी मालकाने फोनवर दिलेल्या हमीला काही अर्थ नाही; राखणदाराला स्वतंत्रपणे विचारावे की कुत्रा त्याच्या हाताने बांधून घेतो का. तो चाचरला तर मालक येतील त्या दिवशीची वेळ ठरवावी.

तिसरा प्रश्न कुत्रा चावका आहे का, हा असतो, पण तो असा सरळ विचारला तर लोक दुखावतात आणि ‘छे छे’ म्हणतात. त्याऐवजी ‘अनोळखी माणूस आला की तो काय करतो?’ असे विचारावे. या प्रश्नाला माणसे मोकळेपणाने आणि बऱ्याचदा कौतुकाने उत्तर देतात : पोस्टमनच्या मागे कसा लागला, गॅसवाल्याला गाडीवरून उतरूच कसे दिले नाही. आपल्याला हवी असलेली सर्व माहिती त्या कौतुकात येते. कुत्री व्यायलेली आहे का, तेही याच वेळी विचारून घ्यावे. पिल्ले बहुधा लाकडांच्या खोपीत, जिन्याखाली किंवा जनरेटरच्या खोलीत, म्हणजे नेमकी आपल्या कामाच्या जागी असतात, आणि एरवी शेपूट हलवणारी कुत्री पिल्लांजवळ परक्या माणसाला उभे करत नाही.

गणपतीच्या दिवसांत आणि मे महिन्यात एक गोष्ट वेगळी असते. चाकरमानी येताना घरातला लॅब्रॅडोर किंवा पॉमेरेनियन बरोबर आणतात. हा कुत्रा फ्लॅटमध्ये वाढलेला, माणसांना सरावलेला आणि एरवी खरोखरच गरीब असतो. परंतु गावचे घर त्याला अनोळखी असते, फटाके, आरत्या, भजने आणि येणारी-जाणारी माणसे यांनी तो बावचळलेला असतो, आणि घरचा गावठी कुत्रा त्याला सहन करत नसतो. त्या दिवसांत आपल्यालाही दिवसाला आठ-दहा घरे घ्यायची घाई असते. अशा दोन घाबरलेल्या जिवांची, म्हणजे घाईतल्या कारागिराची आणि त्या कुत्र्याची, ओटीवर अचानक गाठ पडू देऊ नये.

बेड्यापाशी

बेड्याच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाच्या, थोडी अलीकडे गाडी बंद करावी आणि हेल्मेट तिथेच काढावे. हेल्मेट घातलेला चेहरा, पावसाळी टोपी आणि पायघोळ रेनकोट यांमुळे माणसाचा आकार कुत्र्याला ओळखू येत नाही, आणि जे ओळखू येत नाही त्यावर तो आधी भुंकतो. छत्री बेड्याच्या बाहेरच मिटावी, कारण छत्रीचा फटकन होणारा आवाज आणि हालचाल काही कुत्र्यांना मुळीच सहन होत नाही. जून ते सप्टेंबर या काळात आणखी एक अडचण असते : कौलांवर आणि पत्र्यांवर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात आपली पावले कुत्र्याला ऐकू येत नाहीत, तो पडवीत गोणपाटावर झोपलेला असतो आणि आपण एकदम त्याच्यापुढे उभे राहतो. दचकून उठलेला कुत्रा विचार करत नाही. म्हणून भर पावसात नेहमीपेक्षा मोठ्याने हाक मारावी.

हाक बेड्याबाहेरूनच मारावी. ‘ओ काकाऽ’, ‘घरात कोण हाय काय?’, मालवणी मुलखात ‘घरात कोण आसा काय?’ अशी गावच्या रीतीची हाक कुत्र्यालाही परिचित असते. शिटी वाजवणे किंवा बेडे खडखडवणे टाळावे. कोणी आले नाही तर फोन करावा, आणि फोनही लागला नाही तर तिथेच थांबावे. बेडे नुसते कडी न लावता टेकलेले असते, ढकलले की उघडते, आणि उशीर होत असतो. पण माझ्या माहितीतले बरेच चावे हे बेडे आणि ओटी यांच्यामधल्या वीस पावलांतच झाले आहेत. माणूस बाहेर आल्यावर स्पष्ट सांगावे : ‘काकी, आधी कुत्र्याला बांधा, मग मी येतो.’ हे सांगताना संकोच करू नये आणि आवाजही चढवू नये.

बांधलेला कुत्राही डोळ्यांनी मोजून घ्यावा. सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात त्याच्या येरझाऱ्यांनी झिजलेला गोल दिसतो. साखळीची खरी लांबी त्या गोलावरून कळते, आणि आपली वाट त्याच्या बाहेरून दोन हात तरी असावी. काही घरांत दोन माडांमध्ये तार ताणून साखळीची कडी त्या तारेवर सरकती ठेवतात. तिथे गोल नसतो, लांब पट्टा असतो, आणि ‘बांधलेला आहे’ असे ऐकून निर्धास्त चालणारा माणूस त्या पट्ट्यातच सापडतो. साखळीचे दुसरे टोक कशाला अडकवले आहे तेही पाहावे. खाऱ्या हवेत खिळे आणि कड्या गंजून पोकळ होतात, हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना एसीच्या बाहेरच्या युनिटवरून चांगले ठाऊक असते. कुत्र्याच्या साखळीच्या बाबतीत मात्र आम्ही ते विसरतो.

‘काही करत नाही तो’

हे वाक्य आपल्याला प्रत्येक घरी ऐकायला मिळते. ते खोटे नसते, म्हणूनच ते धोकादायक असते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी जून महिन्यात राजापूर तालुक्यातल्या एका घरी मी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तपासायला गेलो होतो. घरधनी ओटीवर बसून होते, कुत्रा सुटा होता. ‘काय करत नाय तो, ये बिनधास्त,’ असे ते म्हणाले, आणि खरोखरच कुत्र्याने माझे पाय हुंगले, शेपूट हलवली आणि तो बाजूला गेला. बॅटऱ्या जिन्याखाली होत्या. तिथे एक ओले गोणपाट पडले होते. हात पोहोचावा म्हणून मी ते ओढून बाजूला केले आणि त्याच क्षणी माझ्या पोटरीत दात रुतले. पावसाळ्यात कुत्रा त्या गोणपाटावर झोपत असे. ‘आजपर्यंत कोणाला चावला नाही हो,’ असे घरधनी पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खरेच होते, कारण आजपर्यंत कोणी परक्याने त्याचे अंथरूण ओढले नव्हते.

घरधन्याचा अनुभव घरच्या माणसांबरोबरच्या कुत्र्याचा असतो. त्या अनुभवात कोणी घरात ड्रिल चालवलेले नसते, फ्रीज भिंतीपासून ओढलेला नसतो, कुत्र्याच्या जेवणाच्या ताटलीवरून पाय टाकलेला नसतो. म्हणून ‘काही करत नाही’ हे ऐकल्यावर वाद न घालता एवढेच म्हणावे की, ‘तो काही करणार नाही, पण मला खाली बसून काम करायचे आहे आणि माझे लक्ष त्याच्याकडे राहणार नाही, तेवढा वेळ त्याला मागच्या दारी बांधा.’ यात कुत्र्याची निंदा नाही, त्यामुळे कोणाला राग येत नाही. मला भीती वाटते असे सरळ सांगितले तरी चालते. तरुण मुले ते सांगायला लाजतात आणि मग हातापायाला पट्ट्या बांधून फिरतात.

कुत्रा काय सांगतो

सुटा कुत्रा समोर आलाच तर त्याच्याकडे नीट पण डोळे न रोखता पाहावे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूष आहे ही समजूत सोडून द्यावी. सैल शरीराने, कंबरेसकट हलणारी शेपूट वेगळी आणि ताठ उभी धरून टोकाला थरथरणारी शेपूट वेगळी. अंग ताठ होणे, पाठीवरचे केस उभे राहणे, तोंड एकदम मिटणे, मान न वळवता डोळ्यांच्या कडेने पाहणे आणि त्यात डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, ही सावध होण्याची चिन्हे आहेत. पुन्हा पुन्हा जिभेने नाक चाटणे किंवा झोप नसताना जांभया देणे हे अस्वस्थपणाचे लक्षण असते, आणि ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सर्वांत फसवा असतो तो भुंकता भुंकता अचानक गप्प होऊन गोठल्यासारखा उभा राहणारा कुत्रा. गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना आहे, आणि सूचना देणारा कुत्रा सूचना न देणाऱ्यापेक्षा बरा. घरच्या माणसाने गुरगुरल्याबद्दल त्याला काठी मारली तर आपण ‘मारू नका, नुसते बांधा’ असे म्हणावे. मार खाऊन गुरगुरणे सोडलेला कुत्रा पुढच्या कारागिराला सूचना न देता चावतो.

अशा वेळी पळू नये. कडेने वळून, हात अंगाजवळ ठेवून, हत्यारांची पिशवी आपल्या आणि त्याच्या मध्ये धरून उभे राहावे आणि हळूहळू मागे सरकावे. पाठ फिरवू नये. हुंगायला हात पुढे करावा असा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही. कुत्र्याचे नाक इतके तीक्ष्ण असते की चार हातांवरूनही त्याला आपल्याविषयी हवे ते समजते, आणि पुढे आलेला हात त्याला अकारण निर्णयाला भाग पाडतो. त्याला हुंगायचे असेल तर तो स्वतः येतो. तेव्हा स्थिर उभे राहावे, डोक्यावरून हात फिरवू नये आणि त्याच्यावर वाकू नये. पडण्याची वेळ आलीच तर अंग मुडपून, हातांनी मान आणि कान झाकून पडून राहावे. दोन कुत्रे आपसांत भिडले तर मध्ये हात किंवा पाय घालू नये, ते काम घरच्यांनी पाण्याची बादली ओतून करावे.

काम चालू असताना

कामाला बसण्यापूर्वी जागा पाहून घ्यावी. फ्रीजच्या मागे, न्हाणीघराच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली आपण डोके आत आणि पाठ बाहेर अशा स्थितीत असतो. मागून कोण येते ते दिसत नाही आणि निघायला दुसरी वाट नसते. अशा ठिकाणी मधले दार लावून घ्यावे किंवा घरच्या एखाद्या माणसाला दाराशी बसायला सांगावे. शिडीवर चढायचे असेल किंवा विहिरीच्या काठावर पंप उघडायचा असेल तर सुटा कुत्रा प्रेमळ असला तरी चालत नाही. तो प्रेमाने शिडीला धडकला तरी आपण पडतोच. कुत्र्याचे पाणी, ताटली, अंथरूण किंवा खेळणे आपण हलवू नये, घरच्यांना हलवायला सांगावे. दुपारच्या जेवणानंतर त्याला भात आणि उरलेले कालवण घालतात, त्या वेळी त्याच्या बाजूने जाऊ नये.

मोठा आवाज करण्यापूर्वी घरच्यांना सांगावे. माणसाला साधारणपणे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४०,००० हर्ट्झच्या पलीकडचेही ऐकू येतात. त्यामुळे ड्रिल आणि ब्लोअर यांच्या आवाजातला जो बारीक किंचाळणारा भाग आपल्याला जाणवतही नाही, तो त्याला असह्य होऊ शकतो. एसीची सर्व्हिस करताना ब्लोअर सुरू करण्याआधी कुत्रा शक्यतो दुसऱ्या खोलीत किंवा मागीलदारी न्यायला लावावा.

धोका एकाच बाजूने नसतो. आपल्यामुळेही कुत्र्याला इजा होऊ शकते, आणि ती झाली तर ते घर आपल्याला पुन्हा बोलावत नाही, हे बाजूला ठेवले तरी ते योग्य नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीतले आम्ल लादीवर सांडले तर त्याचे पंजे भाजतात आणि पंजे चाटल्यावर तोंडही भाजते; म्हणून सांडलेली जागा खाण्याच्या सोड्याने आणि भरपूर पाण्याने धुऊन मगच कुत्रा सोडायला सांगावे. वायरींचे तुकडे, स्क्रू, बटणासारखे लहान सेल आणि खराब झालेले कपॅसिटर लहान पिल्ले गिळतात किंवा चावतात. मी काम संपल्यावर स्क्रू मोजतो. सुरुवातीला ही सवय यंत्रासाठी लावली होती, आता पिल्लासाठीही उपयोगी पडते.

खाऊ देण्याविषयी लोकांची मते वेगवेगळी आहेत. खिशात बिस्किटाचा पुडा ठेवणारे आमच्यात बरेच आहेत आणि त्यांचे बऱ्यापैकी निभावतेही. माझा त्याला विरोध नाही, परंतु घरच्यांना विचारल्याशिवाय काही देऊ नये, दोन कुत्रे असताना एकालाच देऊ नये, हातातून न देता खाली टाकावे, आणि चॉकलेट किंवा द्राक्षे-मनुका कधीच देऊ नयेत, कारण त्या कुत्र्यांना विषारी असतात. बिस्किट खाल्ले म्हणजे कुत्र्याने परवानगी दिली असेही समजू नये.

पावसाळ्यात आणखी एक बारीक गोष्ट : अंगणात साचलेल्या पाण्यात कुत्र्यांचे, गुरांचे आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि अशा पाण्यातून जखमेवाटे होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप कोकणाला नवा नाही. पायाला जखम असेल तर गमबूट घालूनच जावे.

निघताना

काम झाले, चहा झाला, पैसे मिळाले, आणि आता सगळे सैल झालेले असतात. घरचे माणूस पैसे आणायला आत जाताना सहज कुत्र्याला मोकळे करते. हीच वेळ सांभाळण्याची असते, कारण समोरून न येणारे बरेच कुत्रे जाणाऱ्या माणसाच्या मागून टाचेला येतात. पैसे, पावती आणि पुढची तारीख ही सर्व बोलणी ओटीवरच पूर्ण करावीत आणि ‘मी बेड्याबाहेर गेल्यावर सोडा’ असे सांगून मगच उतरावे. चालताना मध्ये मध्ये कडेने मागे पाहावे. बेडे आपल्या हाताने लावून कडी घालावी. आपण उघडे ठेवलेल्या बेड्यातून कुत्रा रस्त्यावर गेला आणि गाडीखाली आला, तर तो दोष आपलाच. गाडीच्या मागे कुत्रा लागला तर वेग वाढवू नये आणि लाथ मारू नये, वळणावळणाच्या उतारावर त्यात आपणच पडतो. गाडी हळू करून थांबवली की पाठलाग बहुधा संपतो.

चावा बसलाच तर

इथे मात्र कोणाचेही ऐकू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर उपचार घेतले तर हा आजार टाळता येतो. दात लागताना हात झटकू नये, जखम फाटते. सुटका झाल्यावर पहिले काम म्हणजे जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ पाहून १५ मिनिटे धुणे. तांब्याभर पाणी ओतून हे होत नाही. राजापुरात मी नेमके तेच केले, वर घरातल्या आजींनी मायेने हळद दाबली, आणि नंतर डॉक्टरांनी ती सगळी काढायला लावून माझी चांगली खरडपट्टी काढली. हळद, मिरचीपूड, चुना, तेल, झाडपाला यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडिन लावता येते. घट्ट पट्टी बांधू नये आणि टाके घालण्याची घाई करू नये.

त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. दंडात दिल्यास पहिल्या मात्रेचा दिवस ० धरून ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी मात्रा असतात. त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ या दिवशी दोन ठिकाणी टोचतात. रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, द्यावे लागते. ते प्रत्येक लहान केंद्रात असेलच असे नाही, म्हणून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जाण्याची तयारी ठेवावी. रक्त न येता नुसता ओरखडा उठला असेल तरी लस लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जी धास्ती जुनी माणसे घालतात ती लस भारतात बंद होऊन दोन दशके झाली. पहिल्या दोन मात्रांनंतर बरे वाटते म्हणून आणि दवाखाना लांब आहे म्हणून पुढच्या मात्रा चुकवणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्या दिवशी काम बंद ठेवावे, पण मात्रा चुकवू नये.

‘आमच्या कुत्र्याला इंजेक्शन दिलेले आहे’ असे सांगितले तर कार्ड पाहायला मागावे आणि ते डॉक्टरांना दाखवावे, परंतु कार्ड पाहून स्वतःच निर्णय घेऊ नये. कुत्रा १० दिवस बांधून ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवायला घरच्यांना सांगणे फार महत्त्वाचे आहे. गावात चावलेल्या कुत्र्याला रागाच्या भरात मारून टाकतात किंवा पोत्यात घालून लांब सोडून येतात, आणि मग तो आजारी होता की नाही हे कळण्याचा मार्गच बंद होतो. १० दिवसांनी तो धडधाकट असेल तर पुढच्या मात्रांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात. त्या १० दिवसांची वाट पाहण्यासाठी आपली लस मात्र थांबवायची नसते.

ज्यांना रोज परक्या अंगणांत जावे लागते त्यांनी चावा बसण्यापूर्वीच लस घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी अशा तीन मात्रा घेतलेल्या असल्या, तर पुढे चावा बसल्यावर ० आणि ३ या दिवशी दोनच मात्रा पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. जिथून मोठे रुग्णालय दीड-दोन तासांवर आहे अशा खेड्यांत हा फरक लहान नाही.

भरपाईच्या बाबतीत माझा अनुभव असा आहे की बहुतेक घरधनी ओशाळलेले असतात आणि औषधपाण्याचा व प्रवासाचा खर्च स्वतःहून देतात. आवाज चढवला की तेच लोक अडून बसतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे माहीत असावे, पण अंगणात उभे राहून कलमे ऐकवू नयेत. उलट बाजूने, राग म्हणून कुत्र्याला विष घालणे किंवा जायबंदी करणे हा त्याच संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

नोंदवही

आमच्या दुकानात ग्राहकांच्या नोंदवहीत यंत्राचे मॉडेल आणि पत्ता यांच्या शेजारी कुत्र्यासाठी एक रकाना आहे. त्यात ‘चावका’ असा शिक्का मारत नाही, कारण वही ग्राहकाच्या दृष्टीस पडू शकते. ‘दोन, एक सुटा, मोठ्या वहिनी असतील तरच जावे’, ‘तारेवरची साखळी, विहिरीकडून जाऊ नये’, ‘कुत्री व्यायली आहे, दिवाळीनंतर विचारणे’ असे लिहितो. एखाद्या घरी कुत्रा बांधायला नकार मिळाला तर काम न करता परत यावे, आणि मालकाने त्याबद्दल कारागिराचा पगार कापू नये. पहिल्या फेरीचे पैसे आम्ही ग्राहकाकडूनही घेत नाही, दुसऱ्या फेरीचे घेतो, आणि तिसऱ्या फेरीची वेळ सहसा येत नाही. नवा मुलगा कामाला लागला की पहिले आठ दिवस त्याने पक्कड हातात धरण्याआधी तो रकाना वाचायचा असतो. कुत्रे बदलतात, म्हातारे होतात, काहींना बिबट्या उचलून नेतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तो रकाना पुन्हा लिहावा लागतो आणि त्याखाली तारीख घालावी लागते.